जुन्या हुक्ड रगवरून नवा रग : काय जसंच्या तसं ठेवायचं आणि काय आपलं घालायचं?



कार्यानुभवाच्या तासाला आपण फळ्यावर एक नमुना काढतो. मुलं तो उतरवून घेतात. तास संपतो तेव्हा चाळीस मुलांच्या चाळीस वह्यांत एकच फूल असतं, एकाच लाल रंगाचं. दुसरीकडे आपण म्हणतो, "तुमच्या मनाने काहीतरी करा." मग अर्धा वर्ग कोऱ्या कागदाकडे बघत बसतो. नक्कल आणि मनाने करणं या दोन टोकांच्या मधे एक फार चांगली वाट आहे. जुनी वस्तू समोर ठेवायची, ती नीट वाचायची, तशी वस्तू आपल्या हाताने पुन्हा घडवायची आणि घडवताना त्यात आपलं काहीतरी घालायचं.

आजच्या लेखात ही वाट एका उदाहरणातून समजून घेऊ. उदाहरण आहे अमेरिका आणि कॅनडातल्या 'हुक्ड रग'चं. आपली गोधडी सोडून इतक्या लांबचं उदाहरण का, असं तुम्ही विचाराल. एक म्हणजे गोधडी मुलांनी घरात पाहिलेली असते, त्यामुळे ती 'बघायची' राहून जाते. अनोळखी वस्तू मात्र मुलं डोळे मोठे करून बघतात. दुसरं म्हणजे या परक्या रगच्या पोटात आपल्याच देशाचा एक धागा आहे. तो पुढे येईलच.

हुक्ड रग म्हणजे काय?

सतरंजी मागावर विणतात. गालिच्यात उभ्या धाग्यांना गाठी मारतात. गोधडीत कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घालतात. हुक्ड रगमध्ये यातलं काहीच नसतं. गोणपाटासारखं जाळीदार कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. जुन्या कपड्यांच्या लांब पट्ट्या कापतात. पट्टी कापडाच्या खालच्या बाजूला धरायची, वरून आकडी (हुक) भोकातून आत घालायची आणि पट्टीचा छोटासा लूप वर ओढून घ्यायचा. शेजारच्या भोकातून पुढचा लूप. असे हजारो लूप शेजारी शेजारी उभे राहिले की रग तयार होतो.

आता यातली गंमत. या सगळ्या कामात एकही गाठ नसते! पट्टीचं टोक ओढलं तर ओळच्या ओळ सुटून येते. मग वापरात रग टिकतो कसा? लूप एकमेकांना खेटून बसतात आणि कापडाचे धागे त्यांना घट्ट आवळून धरतात. गर्दीच्या एसटीत उभ्या माणसाला पडायला जागाच नसते, तसंच हे. मुलांना हे लगेच पटतं. शिवाय चुकलं तर ओढून काढायचं आणि पुन्हा करायचं, कापड खराब होत नाही. खोडरबर आपल्या हातातच असतं म्हणा ना.

हा रग आला कुठून?

अमेरिकेचं मेन राज्य, न्यू इंग्लंडचा बाकीचा भाग आणि कॅनडाचा अटलांटिक किनारा हे याचं मुख्य घर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे ही कला पसरली. हिवाळा लांब आणि जमीन गारठलेली. विकतचा गालिचा परवडायचा नाही. घरात फाटके लोकरी कोट, पॅंटी, घोंगड्या मात्र असायच्या. त्यातून बायकांनी हे रग केले.

पण खालचं जाळीदार कापड कुठून आलं? इथे आपला धागा येतो. ते कापड म्हणजे तागाचं गोणपाट. ताग पिकायचा बंगालमध्ये. तो जहाजाने स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात जायचा आणि तिथल्या गिरण्यांत त्याचं कापड व्हायचं. १८५५ साली कोलकात्याजवळ रिश्रा इथे आपल्याकडची पहिली ताग गिरणी सुरू झाली. धान्य आणि इतर माल भरून गोण्या जगभर जायच्या. रिकामी गोणी उसवली की रगसाठी कापड तयार, तेही फुकट. बंगालच्या शेतकऱ्याने ज्या गावाचं नावही ऐकलं नसेल, तिथल्या चुलीपुढे त्याचा ताग अंथरलेला होता. परिसर अभ्यासात 'पिके व त्यांचा व्यापार' शिकवताना नकाशावर हा प्रवास बोटाने दाखवा. पाठ वेगळा वाटायला लागतो.

सुरुवातीला बायका नमुना स्वतःच काढायच्या, चुलीतल्या जळक्या काटकीने थेट गोणपाटावर. घरातलं मांजर, घोडा, अंगणातलं फूल, कधी नुसत्या चौकटी. मग १८६८ च्या सुमारास मेनमधल्या बिडिफर्ड गावात एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट या माणसाने एक युक्ती काढली. तो आधी यंत्रकारागीर होता. तब्येत साथ देईना म्हणून दारोदार पत्र्याची भांडी विकायला लागला. घरी बायको रग करत होती. तिची आकडी नीट चालत नाही हे पाहून त्याने चांगली आकडी करून दिली, नंतर नमुनाही काढून दिला. शेजारणी नमुने मागू लागल्या. प्रत्येक वेळी हाताने काढण्यापेक्षा त्याने पत्रा कापून छाप तयार केले आणि गोणपाटावर नमुने छापून विकायला सुरुवात केली. १८७६ मध्ये प्रकृतीमुळे त्याने धंदा विकला, पण त्याचे नमुने पुढे कित्येक वर्षं चालत राहिले. त्याचे छाप आज अमेरिकेतल्या डिअरबॉर्न इथल्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहेत.

फ्रॉस्टच्या नमुन्यांत एक बसलेला सिंह फार प्रसिद्ध आहे. आता मेनच्या जंगलात सिंह कुठला? तरी घराघरात तो गेला. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. छाप एकच, पण त्यावरून केलेले रग एकसारखे नाहीत. कुणाचा सिंह तांबूस, कुणाचा करडा. कुणी काठ बदलला, कुणी आपली अक्षरं किंवा साल घातलं. नमुना विकत मिळाला, पण घरातल्या कपड्यांचे रंग आणि करणारीचा हात विकत मिळत नव्हता. म्हणजे आपण आज जो प्रश्न घेऊन बसलोय, तो दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या बायकांनी काम करता करताच सोडवला होता.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल १८९२ मध्ये न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर वैद्यकीय सेवेसाठी गेले. तिथल्या कोळी कुटुंबांना हिवाळ्यात काही मिळकत व्हावी म्हणून त्यांच्या मिशनने बायकांचे हुक केलेले मॅट विकायला मदत केली. पुढे अमेरिकेतून जुने रेशमी मोजे मागवून, ते रंगवून त्यांच्या पट्ट्या वापरू लागले. त्या मॅटवर काय असायचं? कुत्र्यांची गाडी, पांढरी अस्वलं, समुद्री पक्षी, हिमनग. म्हणजे रोज डोळ्यांसमोर दिसणारं जग. परका सिंहही चालतो आणि घरचा कुत्राही चालतो. फक्त तो आपण का निवडला हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

जुना रग 'वाचायचा' कसा?

पुन्हा घडवण्याआधी वाचन. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर जुन्या हुक्ड रगचे स्पष्ट फोटो मिळतात. एक फोटो मोठा छापून घ्या किंवा पडद्यावर दाखवा आणि मुलांना हे प्रश्न विचारा :

१. काठ कुठे संपतो आणि अंग कुठे सुरू होतं? (साडीच्या भाषेत विचारलं की सगळ्यांना कळतं.)

२. काळा रंग खरंच एकच आहे का? जुन्या रगची काळी जमीन नीट बघितली तर तिच्यात काळपट, तपकिरी, गडद निळा असे पट्टे दिसतात. एक कोट संपला की दुसरा घ्यायचा. रंग जिथे बदलतो, तिथे एक कपडा संपलेला असतो.

३. लुपांच्या ओळी कोणत्या दिशेने जातात? प्राण्याच्या अंगावर त्या बहुतेक वेळा अंगाच्या वळणाने जातात. पाठीवर आडव्या, पोटाशी गोल.

४. दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत का? एखादा पाय मोठा, एखादं फूल कोपऱ्यात दबलेलं दिसेल. मुलं हे बरोबर पकडतात आणि खूश होतात.

५. कुठे अक्षर, नाव, साल आहे का?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो समजला की मुलांना कळतं की आपल्याला 'चुकलेला' वाटणारा रंग म्हणजे त्या घराची नोंद आहे.

काय ठेवायचं, काय बदलायचं?

सगळंच बदललं तर जुन्या वस्तूचा पत्ता राहत नाही. काहीच बदललं नाही तर ती झेरॉक्स झाली. मी वर्गात एक सोपा नियम ठेवते : तीन गोष्टी ठेवायच्या, तीन आपल्या घालायच्या.

ठेवायच्या तीन गोष्टी :
- मांडणी. मधे एक मोठी आकृती, भोवती मोकळी जमीन, बाहेर काठ.
- पद्धत. गोणपाट, पट्ट्या, लूप. डिंकाने चिकटवाचिकटवी नाही.
- साहित्याचा नियम. कपडा जुनाच हवा, नवा आणायचा नाही.

आपल्या घालायच्या तीन गोष्टी :
- मधली आकृती.
- निदान एक पट्टी अशी, जिची गोष्ट सांगता येईल.
- आपलं आद्याक्षर आणि साल.

फ्रॉस्टच्या सिंहावरून काम करताना एका मुलीने सिंहाच्या जागी शेळी काढली. बसलेली, मान वळवलेली, अगदी सिंहाच्याच ऐटीत. कारण विचारलं तर म्हणाली, "बाई, सिंह आमच्याकडं नाही. शेळी हाय." मला वाटतं, नक्कल आणि निर्मिती यातला फरक यापेक्षा सोपा करून मला सांगता आला नसता. तिने सिंहाची बसण्याची ढब घेतली, चौकट घेतली आणि आत आपलं घर बसवलं.

सालाबद्दल एक गोष्ट नक्की सांगा. जुन्या वस्तूसारखी वस्तू केली तर तिच्यावर आजचं साल घालायचं, जुनं नाही. चहाच्या पाण्याने रंग जुनाट करणं ठीक, पण वयाबद्दल खोटं बोलायचं नाही. उद्या कुणाच्या हातात ती वस्तू पडली तर त्याची फसगत होऊ नये. प्रामाणिकपणाचा पाठ यात आपोआप येतो, वेगळा घ्यावा लागत नाही.

साहित्य आणि थोडं गणित

प्रत्येक मुलासाठी १५ सेंमी × १५ सेंमीचा चौकोन पुरे. गोणपाट मात्र ३० × ३० घ्या, कारण चौकटीवर ताणायला चारही बाजूंनी जागा लागते.

कपडा किती लागेल? या कामात ढोबळ हिशोब असा असतो की जेवढी जागा भरायची, तिच्या साधारण चौपट कपडा लागतो, कारण पट्टी लूप होऊन उभी राहते. १५ × १५ म्हणजे २२५ चौ. सेंमी. त्याच्या चौपट ९०० चौ. सेंमी. म्हणजे ३० × ३० चा तुकडा! आता पाचवीच्या मुलांना विचारा : बाजू दुप्पट केली, तर क्षेत्रफळ दुप्पट का झालं नाही? उत्तर कापड घडी घालून दाखवता येतं.

- गोणपाट : किराणा दुकानातली तागाची स्वच्छ गोणी किंवा मीटरवर मिळणारं किंतान. धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. खताची किंवा औषधांची पोती अजिबात नकोत.
- कपडे : जुने टी-शर्ट, बनियन, लोकरी स्वेटर, शाल. टी-शर्टची पट्टी सुमारे १ सेंमी रुंद कापा, ओढली की ती स्वतःच गुंडाळते. जाड लोकरी कापडाची पट्टी अर्धा सेंमी चालते. जॉर्जेटसारखं घसरणारं कापड टाळा.
- आकडी : क्रोशाची जाड सुई, ४ ते ५ मिमी.
- चौकट : जुनी फोटोफ्रेम आणि टाचण्या किंवा भरतकामाची मोठी रिंग.

कृती

१. गोणपाटाच्या कडा शिवून घ्या, नाहीतर धागे सुटत राहतात.

२. चौकोन आखताना पट्टी वापरू नका. दोन धाग्यांच्या मधल्या खाचेत पेन्सिलीचं टोक ठेवून ओढा. रेघ धाग्याबरोबर सरळ जाते.

३. चित्र उतरवायला मच्छरदाणीचा तुकडा उपयोगी. तो चित्रावर ठेवून जाड स्केचपेनने गिरवा, मग तीच जाळी गोणपाटावर ठेवून पुन्हा गिरवा. शाई जाळीतून खाली उतरते.

४. गोणपाट चौकटीवर ढोलकीच्या पानासारखं ताणा. सैल राहिलं तर लूप वर येतच नाहीत.

५. एक हात खाली, पट्टी चिमटीत धरून. दुसऱ्या हातात आकडी, वरून. पट्टीचं पहिलं टोक वर ओढून घ्या. मग एक-दोन भोकं सोडून लूप काढत जा. उंची साधारण अर्धा सेंमी. प्रत्येक भोक भरायचं नाही, नाहीतर रग फुगून वाकडा होतो.

६. आधी आकृतीची बाहेरची रेघ, रेघेच्या किंचित आतून. मग आतला भाग. मग आकृतीभोवती जमिनीच्या रंगाची एक ओळ, त्याने आकार पक्का होतो. शेवटी राहिलेली जमीन आणि काठ.

७. पट्टी संपली की टोक वर घ्या, नवी पट्टी त्याच भोकातून सुरू करा. टोकं नंतर लुपांच्या उंचीला कापा. मागून पट्टी एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर ओलांडून नेऊ नका, तिथेच ती अडकते आणि उसवते.

८. झाल्यावर ओलं फडकं ठेवून हलकी इस्त्री, कडा मागे दुमडून शिवा.

काम मोठ्या मुलांचं आहे, चौथी-पाचवी आणि पुढे. कात्री आणि सुया मोजून द्या, मोजून घ्या. पट्ट्या आदल्या दिवशी कापून ठेवल्या तर तास वाया जात नाही. एका तासात फार काही होणार नाही, आठवड्याला एक तास धरून दीड-दोन महिने लागतील असं समजून चला. बारा मुलांचे चौकोन तीन गुणिले चार असे जोडले, तर ४५ × ६० सेंमीचा एक वर्गाचा रग तयार होतो. तो जमिनीवर नको, भिंतीवर लावा.

पालकांसाठी थोडं स्पष्ट

प्रकल्प म्हटलं की काही घरांतून तो पूर्ण तयार होऊन येतो. सुबक, सरळ, एकही लूप कमी-जास्त नाही. मूल मात्र गप्प. "ही निळी पट्टी कुठली रे?" विचारलं तर ते आईकडे बघतं. अशा वस्तूत मुलाचं काय राहिलं?

तुमची मदत हवीच आहे, पण हाताची नाही. दोन गोष्टी द्या : जुना कपडा आणि त्याची गोष्ट. "हा तुझ्या आजोबांचा स्वेटर, ते गिरणीत रात्रपाळीला जाताना घालायचे." "ही तुझी पहिलीतली बनियन." एवढं सांगा आणि कात्री मुलाच्या हातात द्या. लूप उंच-सखल येतील, शेळीचा एक पाय आखूड होईल. होऊ द्या. जुन्या रगमध्येही तसंच आहे आणि संग्रहालयं ते काचेत जपून ठेवतात.

शिक्षक मित्रांनो, गुण देताना सुबकपणाला कमी वजन द्या. मी तीन प्रश्न विचारते : जुन्या नमुन्यातलं काय ठेवलंस? काय बदललंस आणि का? तुझ्या पट्टीची गोष्ट काय? मूल या तिन्हींची उत्तरं स्वतःच्या शब्दांत देत असेल तर काम झालं.

घरात जुनी वस्तू असेल तर

हुक्ड रग आपल्याकडे क्वचितच सापडेल, पण आजीची गोधडी, जुनं भरतकाम नक्की असेल. त्यांच्यावर थेट गिरवू नका, कापू नका. फोटो काढा आणि फोटोवरून काम करा. जुना ताग आणि जुना धागा ठिसूळ होतो, म्हणून अशी वस्तू झटकू किंवा बडवू नये. जुना हुक्ड रग ठेवायचा असेल तर घडी न घालता गुंडाळतात, तेही लुपांची बाजू बाहेर ठेवून, म्हणजे खालचं कापड तडकत नाही.

हा उपक्रम गोधडीवरही करता येईल, पद्धत तीच : आधी वाचायचं, तीन गोष्टी ठेवायच्या, तीन आपल्या घालायच्या. येत्या शनिवारी दप्तराविना शाळा असेल तर मुलांना एक जुना कपडा आणायला सांगा. कात्री पुढच्या शनिवारी. पहिल्या दिवशी फक्त कपड्यांच्या गोष्टी ऐका.